कट-ऑफ कोणी ठरवायचा?

आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीने कशी वापरावी, याविषयीच्या तत्त्वांची आता टंचाई राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये सहा तत्त्वे सांगितली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मार्च २०२३ मध्ये दहा तत्त्वांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. स्वायत्तता, सुरक्षितता, पारदर्शकता, समन्याय, उत्तरदायित्व या शब्दांना कोणाचाच विरोध नसतो, आणि ज्याला कोणाचाच विरोध नसतो त्यावरची चर्चा चहा येण्याआधीच संपते. मला ज्या प्रश्नाने गेले काही महिने सोडलेले नाही, तो याहून बराच खालच्या पातळीवरचा, जवळजवळ कारकुनी म्हणावा असा आहे. रुग्णालयात बसवलेल्या सॉफ्टवेअरचा कट-ऑफ, म्हणजे ज्या आकड्याच्या वर गेल्यास रुग्णाला संशयित मानायचे ती मर्यादा, कोणी ठरवायचा, आणि तो बदलला तर त्याची नोंद कुठे करायची?

माझा वैद्यकाशी संबंध दुरून आलेला आहे. नोकरी बँकेच्या लेखापरीक्षण विभागात गेली. निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर 'सामान्य नागरिक' या नात्याने मला घेण्यात आले, कारण २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांपैकी एक जण वैद्यकक्षेत्राबाहेरचा, सर्वसामान्य माणूस असावा लागतो. समितीपुढे संशोधनाचे प्रस्ताव येतात. त्यात अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचेही प्रस्ताव असतात आणि आम्ही संमतिपत्राच्या मराठी मसुद्यातील स्वल्पविरामापर्यंत वाद घालतो. मात्र जे सॉफ्टवेअर संशोधनासाठी येत नाही, सरळ विकत घेतले जाते, ते आमच्यापुढे कधीच येत नाही. त्याची फाईल खरेदी समितीकडे जाते, तिथे तीन दरपत्रके लावली जातात, वार्षिक देखभालीचा दर ठरतो आणि यंत्र चालू होते. दहा रुग्णांवरच्या प्रयोगाला समितीची परवानगी लागते आणि दहा हजार रुग्णांवरच्या वापराला फक्त खरेदी आदेश पुरतो, ही विसंगती कोणी मुद्दाम निर्माण केलेली नाही. पण ती आहे.

क्षयरोगाचे उदाहरण घेतो, कारण आपल्या देशात हे तंत्रज्ञान गोरगरिबांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचले ते याच वाटेने. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि छातीचा एक्स-रे वाचू शकणारे रेडिऑलॉजिस्ट मात्र शहरांत एकवटलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशी शिफारस केली की, १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या क्षयरोग तपासणी मोहिमेत एक्स-रेचे वाचन माणसाऐवजी सॉफ्टवेअरने केले तरी चालेल. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२४ पासून जी १०० दिवसांची मोहीम काढली, तिच्यात हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आणि त्यांना जोडलेले असे सॉफ्टवेअर गावोगाव फिरले. समाजमंदिरात पडदा लावायचा, आशाताईंनी आणलेल्या माणसांना एकेक करून उभे करायचे, 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणायचे, आणि मिनिटाभरात संगणकाच्या पडद्यावर क्षयाचा संशय किती ते सांगणारा एक आकडा आणि फुफ्फुसाच्या चित्रावर लाल-पिवळा ठिपका. ज्यांचा आकडा कट-ऑफच्या वर, त्यांच्या थुंकीचा नमुना घ्यायचा आणि तो ट्रूनॅटसारख्या, क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रावर तपासायचा.

आता हिशेब पाहू. अशा प्राथमिक चाळणीच्या चाचणीने निदान ९० टक्के रुग्ण पकडावेत आणि निरोगी माणसांपैकी निदान ७० टक्क्यांना बरोबर बाजूला ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे. समजा एका शिबिरात १,००० माणसे आली आणि त्यांपैकी १० जणांना खरोखरच क्षयरोग आहे. किमान अपेक्षा पूर्ण करणारे सॉफ्टवेअर त्यांतील ९ जण पकडेल आणि एकाला घरी पाठवील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी २९७ जणांवरही ते बोट ठेवील. म्हणजे ३०६ जणांची थुंकी तपासावी लागेल. यात यंत्राने काहीही चूक केलेली नाही. ते ठरल्याप्रमाणेच चालले आहे.

पण तालुक्याच्या प्रयोगशाळेत त्या आठवड्यात थुंकीच्या तपासणीला लागणाऱ्या चिपचा साठा कमी असेल, किंवा तंत्रज्ञ रजेवर असेल, तर काय होईल? सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कट-ऑफ ५० च्या जागी ६० टाकला की, समजा, ३०६ चे २०० होतात आणि काम आवाक्यात येते. त्यासोबत ९ चे ८ किंवा ७ होतात, परंतु ते कोणाला दिसत नाही, कारण जो सापडला नाही त्याची कुठेच नोंद होत नाही. कोणी खोटे बोललेले नसते, कोणी पैसे खाल्लेले नसतात. मनुष्यबळ आणि रुग्णाचा जीव यांच्यामध्ये कुठे रेघ मारायची, हा धोरणाचा निर्णय असतो आणि तो एका मेनूमध्ये, पासवर्ड असलेल्या कोणीही घेतलेला असतो. बँकेत कर्जाच्या व्याजात पाव टक्क्याची सूट द्यायची तरी ती कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने द्यावी, कारण कुठे लिहावे आणि ते कोणी तपासावे, हे सारे छापलेले असते. रुग्णालयात हा आकडा बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, असे मी विचारले तेव्हा तीन विभागांनी तीन नावे सांगितली आणि त्यांतले एक नाव कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचे होते.

बरे, एकदा ठरवलेला कट-ऑफ कायमचा उपयोगी पडतो, असेही नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्याच एक्स-रेला वेगळा आकडा मिळू शकतो. जुना ५० आणि नवा ५० यांचा अर्थ सारखा राहत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच स्थानिक पातळीवर कट-ऑफ ठरवण्यासाठी देशांना एक साधनसंच उपलब्ध करून दिला. ढाक्यातील सुमारे २४,००० लोकांच्या एक्स-रेवर पाच सॉफ्टवेअरची तुलना करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे सॉफ्टवेअरही त्या पाचांत होते. पाचही सॉफ्टवेअरनी अनुभवी रेडिऑलॉजिस्टपेक्षा सरस कामगिरी केली, आणि ही गोष्ट टीकाकारांनी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. त्याच अभ्यासात असेही दिसले की, ६० वर्षांवरील माणसांत आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांत पाचांचीही अचूकता घसरते. जुन्या आजाराचे व्रण फुफ्फुसावर राहतात आणि यंत्र त्यांना नवा आजार समजते. ज्या वस्तीत दर दोन-चार घरांआड कोणीतरी क्षयरोगाची औषधे घेऊन बरा झालेला आहे, तिथे हा तपशील तळटीपेत टाकण्यासारखा नाही.

एक्स-रे विभागात मी एक दुपार बसून होतो, तेव्हा एका अनुभवी टेक्निशियन बाईंनी मला दाखवलेली गोष्ट कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचलेली नव्हती. एका मुलीचा एक्स-रे काढताना त्यांनी आधी गळ्यातले काढायला लावले, मग तिची जाड वेणी डोक्यावर गुंडाळून चिमट्याने बसवली. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, वेणी खांद्यावर राहिली की फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर सावली पडते, आणि टीबी बसतो तो बहुतेक तिथेच." डॉक्टर ती सावली ओळखतो, कारण ती फुफ्फुसाच्या रेघेच्या बाहेर मानेपर्यंत गेलेली दिसते, सॉफ्टवेअर ओळखेलच असे नाही. शिबिरात माणसे रांगेत असतात, एक्स-रे काढणारा मुलगा नवशिका असतो, वेणी तशीच राहते. सॉफ्टवेअरच्या अचूकतेचा जो आकडा माहितीपत्रकावर छापलेला असतो, तो अशा बाईंनी काढलेल्या एक्स-रेचा असतो. गूगलने मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांची तपासणी करणारी यंत्रणा थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत नेली, तेव्हा हेच घडले होते: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे यंत्रणेने नापास केली, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता किंवा परिचारिकांना घाई होती. आजार असो वा नसो, छायाचित्र नाकारलेल्या रुग्णाला पुन्हा तज्ज्ञाकडे यावे लागे, आणि तज्ज्ञ दूरच्या गावी.

यावर उत्तर म्हणून लोक परवान्याकडे बोट दाखवतात. परवाना आहेच. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सॉफ्टवेअरसह सर्व वैद्यकीय उपकरणे १ एप्रिल २०२० पासून औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. २०१७ च्या वैद्यकीय उपकरणे नियमांनुसार धोक्याच्या चढत्या क्रमाने ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग पडतात, आणि वरच्या दोन वर्गांचे परवाने केंद्रीय औषध नियंत्रक देतात. ही व्यवस्था आवश्यक आहे. परंतु परवाना उत्पादनाला मिळतो. तुमच्या रुग्णालयातील वापराला नाही. वस्तू सांगितलेले काम करते का, एवढे तो पाहतो. तुमच्याकडे येणारे रुग्ण कोण, एक्स-रे कोण काढतो, आकडा कोण बदलतो, हे त्याला दिसत नाही.

अमेरिकेत हे फार महागात शिकले गेले. सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेची, आगाऊ सूचना देणारी एपिक या कंपनीची प्रणाली शेकडो रुग्णालयांत चालू होती. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णालयातील २७,६९७ रुग्णांच्या नोंदींवर ती तपासली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले: सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण तिने ओळखलेच नव्हते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांबाबत तिने धोक्याची घंटा वाजवली होती. ती तपासणी करायला कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. डॉक्टरांना शंका आली, नोंदी हाताशी होत्या, आणि छापायचे धैर्य होते. ज्या शेकडो रुग्णालयांनी तपासले नाही, त्यांच्याकडेही तीच घंटा वाजत होती.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, या विषयातील नियमन प्रत्यक्षात जिथे घडायला हवे ती जागा निविदेच्या अटींची आहे. पुरवठादाराने आमच्याच रुग्णालयातील जुने, निदान पक्के झालेले काही शे एक्स-रे आमच्यासमोर वाचून दाखवावेत. वय, लिंग आणि पूर्वीचा क्षयरोग यांनुसार निकाल वेगळे काढून द्यावेत. आवृत्ती बदलण्यापूर्वी लेखी कळवावे आणि तीच चाचणी पुन्हा द्यावी. प्रत्येक आकड्यासोबत आवृत्तीचा क्रमांक आणि त्या दिवशीचा कट-ऑफ केसपेपरवर छापला जावा. आणि आमच्या रुग्णांचे एक्स-रे स्वतःच्या पुढच्या उत्पादनाच्या प्रशिक्षणासाठी वापरायचे असतील तर तसे स्पष्ट मागावे. शेवटची अट कोणाला कटकटीची वाटेल. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने सुमारे १६ लाख रुग्णांची माहिती डीपमाइंड या कंपनीला मूत्रपिंडाच्या आजाराची सूचना देणाऱ्या अॅपसाठी दिली होती. तिथल्या माहिती आयुक्तांनी जुलै २०१७ मध्ये हा व्यवहार कायद्याला धरून नसल्याचा निर्णय दिला. अॅप उपयुक्तच होते, पण रुग्णांना त्याचा पत्ता नव्हता. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक कडक वर्ग त्यात ठेवलेला नाही. त्यामुळे करारात जे लिहू तेवढेच हाती राहील.

नोंदवह्यांवर फार भिस्त ठेवू नये, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा धडा महाराष्ट्रानेच घेतलेला आहे. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम आपण १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर स्त्रीमागे तपासणीची नोंद करणारा फॉर्म एफ, अचानक तपासण्या, असे वैद्यकीय तंत्रज्ञानावरचे इतके बारीक नियमन दुसऱ्या कोणत्याही यंत्राच्या वाट्याला आले नाही. डॉक्टरांची तक्रार अशी की, फॉर्ममधील किरकोळ त्रुटीलाही गुन्हा समजले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती तक्रार फेटाळली आणि फॉर्म हाच त्या कायद्याचा कणा असल्याचे मानले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फॉर्म नसता तर कोणतेही प्रकरण उभे राहिले नसते. आणि फॉर्म बिनचूक भरूनही लिंग सांगणारे सांगतच राहिले. आकड्याच्या नोंदीचेही तसेच होईल, जर ती माणसाने हाताने भरायची ठेवली. सॉफ्टवेअर स्वतःच ती नोंद करू शकते, फक्त तसे मागावे लागते.

'अंतिम निर्णय डॉक्टरांचाच' हे वाक्य या सगळ्यावर पांघरूण म्हणून घातले जाते. केंद्राच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत ते अगदी स्वच्छ लिहिले आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरला मदत करू शकते, पण रुग्णाला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही. नियम योग्य आहे. मात्र डॉक्टरचा निर्णय यंत्राच्या शेजारी बसून तसाच राहतो का, याबद्दल आता शंका घ्यायला जागा आहे. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना गाठी दाखवून देणारी यंत्रणा मिळाली. त्यानंतर जेव्हा त्यांनी यंत्रणेशिवाय तपासणी केली, तेव्हा गाठी सापडण्याचे प्रमाण पूर्वीच्या २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलेले दिसले. हा अभ्यास २०२५ चा आहे. एका अभ्यासावरून डोंगर उभारू नये, पण प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे. आणि गावातल्या शिबिरात तर एक्स-रे वाचू शकणारा डॉक्टर मुळात नसतोच. तो नाही म्हणूनच सॉफ्टवेअर आणलेले असते. तिथे कट-ऑफच्या खाली आलेल्या माणसाचा एक्स-रे कोणीही पाहत नाही. त्याच्यापुरता अंतिम निर्णय झालेला असतो.

अशा माणसाचा आजार हुकला तर त्याने कोणाकडे जावे? १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा त्याबाहेर ठेवली, आणि २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही मोफत सेवा बाहेरच आहे. म्हणजे पैसे भरून खासगी रुग्णालयात एमआरआय काढणाऱ्याला ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, आणि ज्याच्यावर या सॉफ्टवेअरचा सर्वाधिक वापर होतो त्या शिबिरातल्या माणसाला तो बंद. दिवाणी न्यायालय आहे. खोकणाऱ्या शेतमजुराने तिथे जावे आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती सिद्ध करावी, अशी अपेक्षा ठेवणारे खुशाल ठेवोत.

आमच्या समितीचा या बाबतीत काही अधिकार नाही, तरी मी एक पानभर टिपण अधिष्ठात्यांकडे दिले आहे. कट-ऑफ बदलण्याचा अधिकार एकाच नामनिर्देशित डॉक्टरकडे असावा, बदलाचे कारण लिहिले जावे, आणि दर महिन्याला कट-ऑफच्या खाली आलेल्यांपैकी काही जणांची थुंकी चिठ्ठ्या टाकून निवड करून तपासावी, म्हणजे यंत्राच्या हातून किती सुटतात ते कळेल, एवढेच त्यात आहे. पहिल्या दोन मुद्द्यांना सगळ्यांनी मान डोलावली. तिसऱ्याला लागणाऱ्या चिपचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, यावर सध्या गाडी अडली आहे. 'निरोगी' ठरलेल्या माणसाची तपासणी अंदाजपत्रकात बसत नाही, असे लेखा विभागाचे म्हणणे आहे, आणि लेखापरीक्षणात आयुष्य घालवलेल्या मला ते समजूही शकते. पुढच्या बैठकीत मी तो खर्च देखभाल करारात पुरवठादाराच्या माथी टाकण्याचे सुचवणार आहे.